कहाणीचे चित्र आणि भूमीची ओळख

लोककथेला गाव नसते. आपल्या कहाण्यांतले आटपाट नगर नकाशावर कोठेच सापडत नाही. चित्रकाराला मात्र झाड काढायचे तर कोणते तरी विशिष्ट झाडच काढावे लागते आणि त्या झाडाबरोबर कथेला भूमी लाभते.

डेन्मार्कमध्ये हे जाणीवपूर्वक घडले. कलावंतांनी स्वदेशाचा निसर्ग व लोकजीवन रंगवावे, असे आवाहन कलेतिहासकार ह्योयेन यांनी १८४४ मध्ये केले. पुढे काही वर्षांतच विल्हेल्म पेडरसन या नौदल अधिकाऱ्याने अँडरसनच्या परीकथांसाठी चित्रे काढली. १८६४ च्या युद्धात श्लेस्विग व होल्स्टाइन हे प्रांत गेले. भूमी आक्रसलेल्या अशा राष्ट्राला आपली कुरणे आणि आपले करकोचे चित्रांत जपावेसे वाटणे स्वाभाविकच होते.

आपल्याकडे किंकेड यांनी १९१४ साली श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत आणल्या, तेव्हा त्यांना म. वि. धुरंधर यांची चित्रे लाभली. परंतु मराठी घरांत कहाणीचे खरे चित्र म्हणजे जिवतीचा कागद. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकुरवाळी जिवती आणि बुध-बृहस्पती एवढेच त्यावर असतात. त्यात देशाचे निसर्गदृश्य शोधू गेल्यास निराशाच पदरी येईल. कारण येथे निसर्ग चित्रात काढलेला नसतो. तो बाहेरून खुडून आणून आघाडा-दूर्वांच्या माळेच्या रूपाने चित्राला वाहिलेला असतो.

हा भेद आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी माणसांना विशेष मोलाचा आहे. उज्जैनीत शेजाऱ्यांचा श्रावण पौर्णिमान्त गणनेने आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो. त्यांचा भाद्रपद लागतो, तेव्हा आपला श्रावण अर्धाच सरलेला असतो. आणि त्या पंधरवड्यातल्या सोमवारीही महाकालाची सवारी निघतेच. येथे जिवतीला वाहिलेला आघाडा माळव्याच्या काळ्या मातीत उगवलेला असतो. त्यामुळे कहाणी परकी होत नाही. उलट ही मातीच कहाणीत सामावते.

चित्रातला निसर्ग आपली भूमी दुरूनही ओळखीची करतो. वाहिलेला निसर्ग नव्या भूमीशी नाते जोडतो. मात्र दूर्वा खुडणारे हातच उरले नाहीत, तर जिवतीचा कागद हा केवळ छापील कागद उरेल. म्हणून विद्यार्थिमित्रहो, कहाणी वाचण्यापूर्वी एकदा अंगणात उतरा आणि आघाडा ओळखायला शिका.