वही क्लाउडमध्ये, किल्ली कोणाकडे?

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव ही चांदीची व कापसाची जुनी बाजारपेठ. तेथील पेढीवरची रोजमेळ आणि खतावणी पूर्वी तिजोरीत राहत असे. आता अनेक पेढ्यांचे हिशेब ‘क्लाउड’मध्ये असतात. ही वही नेमकी कोठे असते आणि तिच्यापर्यंत जाण्याचा मार्ग कोणाला खुला असतो, हे मालकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

क्लाउड म्हणजे दूरच्या इमारतीतील भाड्याचे संगणक होत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. एकाच केंद्रात असंख्य ग्राहकांची माहिती नांदते. तिची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येकास स्वतंत्र आभासी खासगी नेटवर्क आखता येते.

या नेटवर्कची रचना जुन्या वाड्यासारखी असते. ओसरीवर कोणीही येई. माजघरात घरचीच माणसे जात. त्याचप्रमाणे नेटवर्कचे ‘सबनेट’ नावाचे भाग पाडतात. दुकानाचे संकेतस्थळ ओसरीच्या भागात, तर हिशेबाचा डेटाबेस आतल्या भागात ठेवतात. प्रत्येक संगणकास आयपी पत्ता असतो. कोणत्या पत्त्यावरून आलेल्यास कोणत्या दाराने आत घ्यावे, हे ‘फायरवॉल’ हा देवडीवरचा पहारेकरी ठरवतो. मलकापूरच्या दुकानातून मुंबईतील सर्व्हरकडे जाणारी माहिती ‘व्हीपीएन’मधून पाठविल्यास ती मोहोरबंद थैलीसारखी जाते; वाटेत कोणास वाचता येत नाही.

इमारत, वीज व यंत्रे सांभाळणे हे क्लाउड कंपनीचे काम. परंतु दारे कोणासाठी उघडी ठेवावीत, हे ग्राहक किंवा त्याचा सॉफ्टवेअर पुरवठादार ठरवतो. आतले दार सर्व जगास खुले राहिले, तर उधारीच्या नोंदी, खरेदीचे भाव आणि ग्राहकांचे मोबाइल क्रमांक परक्याच्या हाती जातात. कधी चोर माहिती कुलूपबंद करून खंडणीही मागतात.

म्हणून पुरवठादारास चार गोष्टी अवश्य विचाराव्यात : सर्व्हर कोणत्या शहरात आहे? डेटाबेस थेट इंटरनेटवर खुला आहे काय? प्रवेशास पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी आहे काय? प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली जाते काय? कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांनी संगणकीय हिशेबांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवावी, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून लागू आहे.

नोकरी सोडून गेलेल्या मुनीमाकडून किल्ली परत घेण्याची रीत पेढीवर होतीच. त्याचा पासवर्डही त्याच दिवशी बंद व्हावा.