शुक्राची कड आणि निसटता क्षण

मंडळी, 9 डिसेंबर 1874 ला शुक्राचं अधिक्रमण झालं, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकला, तेव्हा सर्वेक्षण खात्यातले हेनेसी मसुरीला सुमारे 2000 मीटरवर दुर्बीण लावून बसले होते. एवढ्या उंचीवर कशाला? तर तिथं हवा विरळ, बिंब कमी थरथरतं. शुक्र कडेला नेमका केव्हा टेकला हे लांबलांबच्या ठिकाणांहून टिपलं, की सूर्याचं अंतर काढता येतं. पण तो क्षणच निसटतो! काळा ठिपका थेंबासारखा कडेला चिकटून राहतो. 1769 साली ताहितीत कॅप्टन कुक आणि ग्रीन एकाच जागी होते, तरी दोघांचे सेकंद जुळले नाहीत. खोटं कुणीच बोलत नव्हतं. आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना अंतरापेक्षा हेच मोलाचं वाटतं. 6 जून 2012 ला आपल्या उचगावात सूर्य उगवला तोच शुक्राचा ठिपका घेऊन. पुढचं अधिक्रमण 2117 साली.