मराठी मजकूर आणि संकेतसंचाची निवड

बीड जिल्ह्यातील जुनी दप्तरे चाळणारा अभ्यासक कागद हाती येताच प्रथम त्याची लिपी ओळखतो आणि मगच वाचनास आरंभ करतो. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे सरकारी कागद उर्दूत, तर कित्येक मराठी व्यवहार मोडीत लिहिलेले आढळतात. मोडीत ऱ्हस्व व दीर्घ इकारांचा भेद बहुधा पाळला जात नसल्याने ‘बीड’ व ‘बिड’ यांचे रूप एकच होते. परंतु जाणकार वाचक योग्य तो इकार मनाशी धरतो. संगणकापाशी असा जाणतेपणा नाही. लेखनसंकेत कोणता हे त्याला सांगावे लागते. न सांगितल्यास तो ठरीव समजुतीप्रमाणे वाचतो, आणि वाचन चुकले हे त्याच्या ध्यानीही येत नाही.

‘कॅरेक्टर सेट’ला ‘वर्णसंच’ म्हणणे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने टाळलेलेच बरे. ‘बीड’ हा शब्द उच्चारात तीन ध्वनींचा, लेखनात दोन अक्षरांचा आहे. युनिकोडमध्ये ब, दीर्घ वेलांटी आणि ड असे त्याचे तीन घटक होतात. त्यांचे अनुक्रमांक २३४८, २३६८ व २३३७. यूटीएफ-८ पद्धतीने साठविताना प्रत्येक घटकास तीन, म्हणजे एकूण नऊ बाइट लागतात. एकट्या ‘ब’चे बाइट २२४, १६४ आणि १७२ असे असतात. यांस वर्ण म्हणावे तरी कसे? म्हणून येथे ‘संकेतसंच’ हा शब्द योजिला आहे.

केवळ मजकूर दाखविणारा ‘लिंक्स’ हा ब्राउझर १९९२ साली अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात तयार झाला. अनेक पानांतील निव्वळ मजकूर उतरवून घेण्यास तो आजही सोयीचा आहे. त्यात ‘ओ’ ही कळ दाबली असता पर्यायांचे पान उघडते. तेथील दोन नोंदींची गल्लत करता कामा नये. ‘डिस्प्ले कॅरेक्टर सेट’ ही नोंद आपल्या टर्मिनलला कोणता संकेतसंच समजतो हे सांगते. ‘असूम्ड डॉक्युमेंट कॅरेक्टर सेट’ ही नोंद, पानाने स्वतःचा संकेतसंच जाहीर केला नसेल तर कोणता गृहीत धरावा, हे ठरविते. मराठीसाठी दोन्ही ठिकाणी यूटीएफ-८ असावे. दुसऱ्या नोंदीत पश्चिम युरोपीय संच राहिला, तर ते नऊ बाइट नऊ स्वतंत्र चिन्हे म्हणून वाचले जातात आणि ‘बीड’च्या जागी रोमन अक्षरे व चलनचिन्हे यांची माळ उमटते. एवढ्याने बिघडत नाही; नोंद बदलून पान पुन्हा उघडले की मजकूर परततो. परंतु ‘डम्प’ या आज्ञेने फाइल तयार करताना मजकूर पहिल्या नोंदीतील संचात लिहिला जातो. त्या संचात देवनागरी नसेल, तर बदली चिन्हांनी भरलेली ती फाइल शब्दगणनेस निरुपयोगी ठरते. वेलांटी वा रफार केवळ पडद्यावर सरकलेले दिसले, तर तो दोष बहुधा टर्मिनलचा समजावा.

जुन्या मराठी पानांपैकी पुष्कळांपुढे मात्र हे पर्याय लटके पडतात. ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ साली प्रसिद्ध झाले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली आहे. तरीही पुढे अनेक वर्षे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले फॉन्ट सर्रास वापरले गेले. अशा पानात मराठी दिसते, पण साठविलेली नसते. लिंक्स पानाने सुचविलेला फॉन्ट मानीत नाही, त्यामुळे हे सोंग तेथे तत्काळ उघडे पडते. त्या त्या फॉन्टचे रूपांतरकोष्टक मिळविल्यावाचून अशा पानांचा संग्रहास उपयोग नाही.

संकेतसंच अचूक असूनही एक पेच उरतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. भेद केवळ रकाराच्या रूपाचा. युनिकोडमध्ये हा दुसरा रकार दोन प्रकारे लिहिता येतो: २३५३ क्रमांकाचा ‘ऱ’ व हलन्तचिन्ह यांनी, अथवा साधा ‘र’, हलन्तचिन्ह आणि न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक यांनी. वाचकास दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्रणेस ते भिन्न शब्द वाटू शकतात. बालाघाटाच्या परिसरातील बोलीचे नमुने दोन टंकलेखकांनी लिहिले असतील, तर ‘दऱ्या’ची वारंवारता दोन नोंदींत विभागली जाईल. गणनेपूर्वी संग्रहातील सर्व फाइलींत यांपैकी एकच रूप ठेवावे. माझ्या मते ते पहिले असावे, कारण न दिसणारे चिन्ह नकला करताना सहज गळते आणि मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो.