देशोदेशींचा गडी : युगोविच

'दाणापाणी नेईल तिकडे जावे,' असे आपण म्हणतो. सर्बियाच्या व्लादिमिर युगोविचचे तसेच झाले. १९९१ साली बेलग्रेडचा 'रेड स्टार' संघ युरोपात अजिंक्य ठरला. डिसेंबरात टोकियोला त्याने चिलीच्या कोलो-कोलोला ३-० हरवले. त्यांतले दोन गोल युगोविचचे! पण तोवर युगोस्लाव्हियाच फुटू लागला होता. १९९२ मध्ये तो इटलीत गेला. पुढे स्पेन, मोनॅको, ऑस्ट्रिया, जर्मनी. १९९६ मध्ये रोमला आयॅक्सविरुद्ध युव्हेंटसची निर्णायक पेनल्टी मारली ती त्यानेच. मधल्या फळीतल्या गड्याचे काम काय? मागून चेंडू घ्यायचा, पुढच्याला द्यायचा. ते कुठल्याही संघात लागतेच. वाचकहो, देश पायाखालून सरकला, तरी पायांतले कसब सोबत येते, ते असे.