रीसेटआधीचा पंचनामा

कंधार तालुक्यात अतिवृष्टी झाली की गावोगाव एकच विचारणा सुरू होते: पंचनामा झाला का? तलाठी आणि कृषी सहायक बांधावर पोचायच्या आत रान मोडून टाकलं, तर सोयाबीन कुजलं होतं हे दाखवायला काही उरत नाही. पीकविम्यात स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांत द्यावी लागायची, ती मुदतही शेतकऱ्याला अपुरी वाटायची. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, हार्डवेअरच्या बिघाडाचा पंचनामा करणाऱ्या कोडला बऱ्याचदा सेकंदभरही मिळत नाही.

फिनलंडमध्ये १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेलं हे कर्नेल आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे, म्हणजे कंधारच्या बाजारात निम्म्याहून जास्त खिशांत आहे. एखादी ग्राफिक्स चिप कामाच्या मध्येच अडकली, की ड्रायव्हरला, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या कोडला, घाई असते ती चिप रीसेट करून पडदा पुन्हा हलता करायची. वापरणाऱ्यालाही तेच हवं असतं. पण रीसेट झाला की रजिस्टरं, म्हणजे चिपची स्थिती सांगणारे आकडे, कोरी होतात आणि चिप नेमकी कुठं अडकली, हे कायमचं पुसलं जातं. म्हणून शहाणा ड्रायव्हर रीसेटच्या आधी रजिस्टरं, रांगेत थांबलेल्या आज्ञा आणि त्या पाठवणाऱ्या प्रोग्रामचं नाव उतरवून ठेवतो.

इंटेलचा आय९१५ ड्रायव्हर हे काम बरीच वर्षं करतो आहे. चिप हँग झाली की तो लॉगमध्ये लिहितो की नोंद अमुक फाइलमध्ये ठेवली आहे, तक्रार करताना ती जोडा. तो फक्त पहिला बिघाड धरून ठेवतो. ती नोंद कुणी पुसेपर्यंत पुढचे बिघाड त्याच्या लेखी झालेच नाहीत. नवख्याला हा कंजूषपणा वाटतो. मला तो त्या ड्रायव्हरमधला सर्वांत समंजस निर्णय वाटतो, कारण पहिल्या हँगमागे बहुधा खरं कारण असतं आणि नंतरचे हँग ही त्याचीच पडझड असू शकते.

पूर्वी नोंद ठेवण्याची प्रत्येक ड्रायव्हरची तऱ्हा वेगळी होती. २०१४ मध्ये वायफायच्या कोडवर काम करणारे योहानेस बर्ग यांनी डेव्हकोअरडम्प ही सामाईक सोय आणली आणि ती ३.१८ आवृत्तीत आली. ड्रायव्हरनं नोंद तिच्या हवाली करायची, मग कर्नेलबाहेर एक फाइल दिसू लागते, आणि पाच मिनिटांत कुणी उचलली नाही तर ती आपोआप नाहीशी होते. नोंद कित्येक एमबींची असू शकते. बिघाड झालाच आहे, वर मेमरीही अडवून बसायची, हे कुणाला परवडणार?

आख्खं कर्नेलच कोसळलं तर? त्यासाठी रॅमऊप्स आहे. रॅमची एक पट्टी राखून ठेवायची, मरताना शेवटच्या ओळी तिथं लिहायच्या, आणि वीज न तुटता फोन पुन्हा सुरू झाला की त्या वाचायच्या. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला कारागीर मात्र आपोआप रीस्टार्ट होणारा फोन हातात घेतो, कुठं तापतोय ते बोटानं चाचपतो आणि ‘आयसी गेली’ म्हणतो. बिघाडाचं कारण फोनमध्येच लिहिलेलं असू शकतं, पण कंपनीचं कुलूप असल्यानं ते त्याला वाचता येत नाही.

बिघाडाची नोंद घेणारं असं कोड दुसऱ्यानं लिहून पाठवलं आणि मी ते तपासायला बसलो, की नेहमीची रिव्ह्यूची सवय कामाला येत नाही. इतर कोड सगळं ठीक चाललंय असं धरून वाचता येतं, हे मात्र काहीच ठीक नाही असं धरून वाचावं लागतं. रजिस्टर वाचण्याआधी ते उपकरण जागं आहे का? वीज काढलेल्या किंवा निसटलेल्या पीसीआय कार्डाकडून उत्तरात नुसते एफच एफ येतात. ते खरे आकडे समजून नोंदवले तर वाचणारा आठवडाभर भलत्याच दिशेला जातो. काही चिपांत तर झोपलेलं रजिस्टर वाचलं की सगळी यंत्रणाच थिजते, म्हणजे पंचनामा करणाऱ्यानंच उरलेलं पीक तुडवलं.

काही रजिस्टरं वाचताक्षणी शून्य होतात. समजा, पॅचमध्ये, म्हणजे तपासायला आलेल्या बदलात, असं एक रजिस्टर थेट फाइलमधून दाखवलंय. एखाद्या निरीक्षक प्रोग्रामनं ती फाइल मिनिटापूर्वी वाचली असेल, तर इंजिनिअरला शून्य दिसणार आणि तो चिपला निर्दोष ठरवणार. अशा ठिकाणी ड्रायव्हरनं एकदाच वाचून आकडा स्वतःकडे साठवावा आणि तो दाखवावा, एवढंच सांगायचं असतं. पण सांगणारा लागतो.

मेमरीचा सापळा त्याहून चिवट आहे. नोंद ठेवायला जागा हवी, म्हणून कोड मेमरी मागतं. मेमरी भरलेली असेल तर कर्नेल आधीची रिकामी होण्याची वाट बघतं. ती मेमरी नेमकी अडकलेल्या ग्राफिक्स चिपच्याच ताब्यात असली तर? चिप सुटायला रीसेट हवा, रीसेट नोंदीसाठी थांबलाय, नोंद मेमरीसाठी. म्हणून इथं ‘मिळाली तर दे, नाहीतर लगेच नाही म्हण’ अशीच मागणी करायची. अर्धवट नोंद चालेल, अडकलेलं यंत्र चालणार नाही.

मग नोंद दाखवायची कुठं? २००४ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी आणलेल्या डीबगएफएसमध्ये काहीही मांडा, नियम नाही आणि वचनही नाही. दुसरी जागा सिसएफएस: तिथं साधारणपणे एका फाइलमध्ये एकच किंमत, तिचा दस्तऐवज, आणि लोकांचे प्रोग्राम तिच्यावर विसंबले की ती मोडायची नाही. घाईत लोक पहिला रस्ता धरतात, आणि जिथं बिघाड खरोखर होतात त्या चालू सर्व्हरांवर तो अनेकदा बंदच असतो. शिवाय ग्राफिक्सच्या नोंदीत कुणाच्या पडद्यावरचा मजकूर असू शकतो. तेव्हा ती कुणाला वाचता येणार, हेही पॅचमध्येच ठरायला हवं.

न दिसणाऱ्या बिघाडांचा हिशेब आणखी वेगळा. सर्व्हरच्या ईसीसी मेमरीत ६४ बिटांमागे ८ बिट राखणीला असतात. एक बिट उलटला तर दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान कळतं. दुरुस्त झालेली चूक कुणालाच जाणवत नाही, म्हणून कर्नेलचा ईडॅक विभाग तिची मोजदाद ठेवतो. गूगलच्या सर्व्हरांवरच्या २००९ च्या अभ्यासात वर्षाला आठ टक्क्यांहून जास्त मेमरी मॉड्यूलांत अशी निदान एक चूक दिसली होती. एका बिटानं काय होऊ शकतं? बेल्जियममध्ये २००३ च्या मतदानात एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त मिळाली. तो आकडा दोनाचा बारावा घात, म्हणून संशय एका उलटलेल्या बिटावर गेला. पुण्यात सी-डॅकनं १९९१ मध्ये उभ्या केलेल्या परम ८००० मध्ये आपल्याकडेही एका कामाला अनेक प्रोसेसर जुंपले होते. यंत्र जितकं मोठं, तितकी ही मोजदाद रोजची.

बिघाड नोंदवणाऱ्या या कोडची खरी अडचण अशी की एरवी ते चालवलंच जात नाही. बिघाड वर्षातून एकदा होतो आणि तेव्हाच कळतं की नोंद घेणाऱ्या फंक्शनमध्येच चूक होती. त्यावर उपाय आहेत: पीसीआयच्या खोट्या चुका घुसवणारं मॉड्यूल आहे, मेमरीतल्या चुकांसाठी फर्मवेअरची सोय आहे, ग्राफिक्स चिप मुद्दाम अडकवणाऱ्या चाचण्या आहेत. पॅचच्या वर्णनात ‘असं बिघडवलं, नोंदीत हे आलं’ एवढ्या दोन ओळी असल्या, तरच मी बाकीचं मन लावून वाचतो.