परवानगी नाकारली! पण का?

घरातील सर्व संगणकांची छायाचित्रे, गाणी व कागदपत्रे एकाच जागी राहावीत म्हणून काही घरांत एक छोटी साठवणपेटी असते. तिला ‘नॅस’ म्हणतात. तिच्यात एक-दोन हार्ड डिस्क आणि एक लहानसा संगणक असतो, व ती राउटरला जोडलेली असते. घरातील कोणीही पेटीतील फोल्डर उघडावा, हवे ते घ्यावे, हवे ते ठेवावे. मोठी सोय! पण एखाद्या दिवशी वेगळेच घडते. ताईने ठेवलेली सहलीची छायाचित्रे दादाला दिसतात. परंतु त्याच फोल्डरमध्ये त्याने स्वतःचे छायाचित्र ठेवायला घेतले, की पडद्यावर उत्तर येते, ‘परवानगी नाकारली’. डिस्क शाबूत आहे, तारा जोडलेल्या आहेत, पासवर्डही बरोबर आहे. मग घोडे अडते कुठे?

तीन वर्ग, तीन कामे

अशा बहुतेक पेट्या लिनक्स या प्रणालीवर चालतात. लिनक्सने परवानगीचे नियम युनिक्सकडून घेतले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सचे काम सुरू केले. त्या काळी एकच संगणक अनेकजण मिळून वापरीत. तेव्हा कोणी काय वाचावे आणि कोणी काय बदलावे, हे ठरवणे भागच होते.

नियम असा : प्रत्येक फाईलला एक मालक आणि एक गट असतो. त्यामुळे माणसांचे तीन वर्ग पडतात : मालक, गट आणि इतर. कामेही तीनच : वाचणे, लिहिणे आणि चालवणे. तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ प्रश्न. आणि प्रत्येकाचे उत्तर फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’. तुम्ही द्विमान पद्धती शिकला असाल, तर पुढचे लगेच ध्यानात येईल. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालवण्याला १ अशी किंमत द्या व बेरीज करा. सर्व परवानग्या म्हणजे ७. वाचणे व लिहिणे म्हणजे ६. वाचणे व चालवणे म्हणजे ५. आता ७५५ हा आकडा वाचून पाहा. मालकाला सर्व काही. गटाला व इतरांना लिहिण्याखेरीज बाकी सर्व.

फोल्डर म्हणजे यादी

फाईल ‘चालवणे’ समजते. पण फोल्डर कसा चालवणार? येथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. फोल्डर म्हणजे खरे पाहता नावांची एक यादी. ती वाचणे म्हणजे आतली नावे पाहणे. तिच्यात लिहिणे म्हणजे नवे नाव घालणे किंवा असलेले खोडणे. आणि ‘चालवणे’ म्हणजे त्या फोल्डरमधून पुढे जाणे. ही तिसरी परवानगी नसेल, तर नावे दिसतात पण एकही फाईल उघडत नाही. फाईलपर्यंतच्या वाटेवरील प्रत्येक फोल्डरने ही वाट मोकळी ठेवावी लागते.

आता दादाचे कोडे सोडवू. ताईचा फोल्डर ७५५ होता. दादा ‘इतर’ वर्गात बसला, म्हणून त्याच्या वाट्याला ५ आले. पाहता आले, यादीत नवे नाव घालता आले नाही. यातून आणखी एक गंमत निघते. फाईल खोडणे म्हणजे यादीतील नाव खोडणे. म्हणून खोडता येईल की नाही हे सामान्यतः फाईलवर नव्हे, तर तिच्या फोल्डरवर ठरते!

नाव नव्हे, क्रमांक

लिनक्स माणसाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते. आठवी ‘अ’ आणि आठवी ‘ब’ या दोन्ही तुकड्यांत १२ क्रमांकाचा विद्यार्थी असतो, पण तो एकच मुलगा नव्हे. येथेही तसेच होते. लिनक्सवर पहिल्या वापरणाऱ्याला बहुधा १००० क्रमांक मिळतो, तर मॅक संगणकावर ५०१. ‘एनएफएस’ या पद्धतीने पेटी जोडली, तर साध्या मांडणीत पेटीकडे केवळ क्रमांक जातो. त्यामुळे नाव तेच असूनही माणूस परका ठरतो. जुनी डिस्क नव्या पेटीत बसवल्यावर फाईलींचा मालक म्हणून नुसता आकडा दिसतो, तोही याच कारणाने.

विंडोज संगणकांसाठी बहुधा ‘सांबा’ ही प्रणाली वापरतात. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात १९९१-९२ मध्ये तिची सुरुवात केली. तिच्यामुळे दोन दारे तयार होतात : एक सांबाच्या नियमांचे, दुसरे फाईलच्या नऊ उत्तरांचे. दोन्ही उघडी असतील तरच काम होते.

सोपा, पण घातक उपाय

‘सगळ्याला ७७७ करून टाका’ असा सल्ला तुम्हांला कोणीतरी देईलच. म्हणजे सर्वांना सर्व काही! एक तर हा उपाय टिकत नाही. नव्या फाईलीला परवानगी देताना प्रणाली बहुधा ६६६ मधून २२ वजा करते. म्हणून उद्याची फाईल पुन्हा ६४४ होते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. असा प्रोग्राम फाईली सांकेतिक लिपीत बंद करून पैसे मागतो. घरातील एका संगणकात तो शिरला, तर पेटीतील ज्या फाईलींवर त्या संगणकाला लिहिता येते, त्याही तो बिघडवू शकतो. ७७७ केले म्हणजे घरातील सगळी छायाचित्रे त्याच्या हाती दिलीच म्हणून समजा.

योग्य उपाय

१. प्रथम महत्त्वाच्या फाईलींची वेगळी प्रत काढा.

२. वाटेवरील प्रत्येक फोल्डरचा मालक, गट आणि आकडा कागदावर लिहून घ्या.

३. ‘घर’ नावाचा गट करा. ताई, दादा, आई यांना त्यात घाला आणि सामाईक फोल्डर त्या गटाच्या नावे करा.

४. फोल्डरला २७७० द्या. पुढचा २ सांगतो, ‘येथे जन्मणारी प्रत्येक फाईल याच गटाची’. आतील फाईलींना ६६० द्या. नव्या फाईलींनाही ६६० च मिळेल अशी सांबाची मांडणी करा.

५. सर्वांनी एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. कारण गट कोणता, हे प्रवेशाच्या वेळीच पाहिले जाते.

काही पेट्यांत या नऊ उत्तरांखेरीज माणसागणिक परवानग्यांची वेगळी यादी असते. तेथे बदल पेटीच्या स्वतःच्या पडद्यावरूनच करावेत.

आता एक कोडे. आलेला माणूस मालक आहे का, नसल्यास गटातला आहे का, नसल्यास इतर, या क्रमाने प्रणाली तपासते. ज्या वर्गात तो प्रथम बसतो, त्या एकाच वर्गाचा आकडा ती लावते. एका फाईलीचा आकडा ०७७ आहे. तिच्या मालकाला ती वाचता येईल का? येत नसेल, तर त्याने काय करावे?