चौक लिहिणारे हात

नाताळ जवळ आला की वारली चित्रांची शुभेच्छापत्रे दिसू लागतात. बाळ येशू, मरियामाता, मेंढपाळ, सगळे त्रिकोणी अंगाचे आणि काडीसारख्या हातापायांचे. लग्नपत्रिका, कुर्ते, चहाचे कप, मातीच्या कुंड्या यांवरही तीच चित्रे असतात. ही आपल्या जिल्ह्याची ओळख आहे, याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण ती चित्रे कोणी काढली, आणि त्याला त्याचे काय मिळाले, हे आपण क्वचितच विचारतो.

मुळात हे चित्र विकण्यासाठी नव्हतेच. वारली घरात लग्न निघाले की आतल्या भिंतीवर चौक लिहितात. वारली माणूस चित्र ‘काढणे’ म्हणत नाही, ‘लिहिणे’ म्हणतो. कुडाची भिंत शेणमातीने सारवून तिच्यावर गेरू फिरवतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवले की पांढरा रंग तयार होतो. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की कुंचला होतो. मग सवाशिणी चौक लिहायला बसतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते, झाडापेरांची आणि संततीची माता. शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या देव. लग्न लावणारी धवलेरी ही बाईच असते, तीच विधीची गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. भोवतीने मग झाडे, शेते, गुरे आणि तारप्याभोवती फेर धरणारी माणसे येतात.

म्हणजे ही कला मुळात बायकांची, आणि ती प्रार्थनेसारखी. तिच्यावर कोणाची सही नसे.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारी हस्तकला मंडळाच्या कामासाठी डहाणू भागात फिरले. त्यांनी वारल्यांच्या हाती कागद आणि रंग दिले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची गुणवत्ता त्यांनी ओळखली. लग्नाची वाट न पाहता, मनात येईल ते रोज रंगवणारे म्हसे यांनी मासेमारीचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, भातशेती असे विषय चित्रांत आणले. त्यांना 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 साली ते वारले, तोवर वारली चित्र जगभर पोहोचले होते. कागदामुळे घरात चार पैसे येऊ लागले आणि पुरुष चित्रकारांची नावे झाली. चौक लिहिणाऱ्या बाया मात्र बहुतेक निनावीच राहिल्या.

असाच प्रश्न दूर अमेरिकेतही आला. न्यू मेक्सिको भागातील प्युब्लो आदिवासी स्त्रिया चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक रचून मडकी घडवतात. रंगवायला त्या युक्का नावाच्या झाडाचे पान टोकाला चावून कुंचला करतात, अगदी आपल्या वारली बायांसारखा. सान इल्डेफोन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ मडकी घडवत आणि त्यांचे पती हुलियान ती रंगवत. 1920च्या सुमारास त्यांची काळ्यावर काळी नक्षी असलेली मडकी प्रसिद्ध झाली. पुढे मडक्यांवर सही होऊ लागली आणि घडवणारीचे नाव गिऱ्हाइकापर्यंत पोहोचले. मारियांनी आपले तंत्र स्वतःपुरते ठेवले नाही, गावातल्या इतरांनाही शिकवले. 1990 साली अमेरिकेने कायदा केला: आदिवासींनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे हा गुन्हा ठरला.

आपल्याकडे 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी पालघर जिल्हाही झाला. मानांकन म्हणजे ‘वारली चित्र’ या नावाला मिळालेले संरक्षण. पण ते नावाचे आहे, त्रिकोण आणि वर्तुळाचे नाही. कारखान्यात छापलेला तारपा नाच साडीवर येतो, तेव्हा त्यातला एक रुपयाही पाड्यावर जाईलच असे नाही.

म्हणून वाचकहो, थोडी काळजी आपणच घ्यावी. चित्र विकत घेताना ते कोणी काढले, कुठल्या पाड्यावरचे, हे विचारावे. चित्रावर सही मागावी. बाईने काढले असेल तर सही तिचीच हवी, नवऱ्याची नको. भाजीसारखी घासाघीस करू नये, कारण एवढे बारीक काम दिवसचे दिवस चालते. शाळेची किंवा सभागृहाची भिंत रंगवायची असेल तर मोबाइलवरचे चित्र उतरवून घेण्याऐवजी वारली चित्रकाराला बोलवावे आणि ठरलेली मजुरी हातात द्यावी. आणि पालघट देवीचा चौक ही कोणाची तरी श्रद्धा आहे, तो पायपुसण्यावर शोभत नाही, एवढे भान ठेवावे.

आदिवासींना मदत करावी असे आपण नेहमी म्हणतो. इथे दान मागितलेले नाही. ज्याचे काम त्याचे नाव आणि त्याचा मोबदला, एवढेच द्यायचे आहे.